तासिकेपुरती तब्येत

नेट, सेट या प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षा आणि सोबतीला पीएच.डी. असा संच जमवून आपण अखेर एखाद्या अनुदानित महाविद्यालयात तासिका तत्त्वावर, म्हणजेच शिकवलेल्या तासांपुरतेच मानधन देणाऱ्या सीएचबीवर (क्लॉक अवर बेसिस), रुजू झाला असाल, तर सर्वप्रथम आपले अभिनंदन. एक गोष्ट मात्र पहिल्याच दिवशी नीट समजून घ्यावी. शासनाने आपल्याला नेमलेले नाही. आपल्या तासिका नेमल्या आहेत. तासिकांना रक्तदाब नसतो, मधुमेह नसतो, गावाकडे थकलेले आईवडील नसतात. त्यामुळे त्यांना आजारपणाची रजा, औषधपाण्याचा खर्च, भविष्य निर्वाह निधी यांपैकी काहीही लागत नाही, हे ओघानेच आले. हे सगळे ज्याला लागते तो देह आपण स्वतःच्या जबाबदारीवर घरून घेऊन येता आणि त्याची देखभालही आपणच करायची असते.

ही भूमिका एकदा पटली की आजारपणाचे वेळापत्रक आखणे फार सोपे जाते. आठवड्याला आपल्या वाट्याला साधारण नऊ तासिका येतात. आठवड्याचे एकूण तास १६८. त्यांतले नऊ शासनाचे, उरलेले १५९ आजारी पडायला मोकळे. महाविद्यालयाला दर्जा देणाऱ्या नॅकच्या फायली लावणे, परीक्षेच्या कामाला हातभार लावणे, प्रवेशाच्या दिवसांत खिडकीवर बसणे ही कामे याच मोकळ्या वेळात करायची असल्याने थोडी ओढाताण होईल. पण ही कामे मानधनात मोजली जात नसल्यामुळे ती करताना अंगात ताप असला तरी शासनाचे काही नुकसान होत नाही. तासिकेच्या वेळी मात्र ताप उतरलेला असावा. नोंदवहीत दिनांक, वर्ग, घटक आणि वेळ लिहून शेजारी विभागप्रमुखांची सही घ्यावी लागते, आणि त्या ओळीत ‘थंडी वाजत होती’ असे लिहिण्यासाठी रकाना नाही. सही नाही तर तासिका नाही, तासिका नाही तर पैसे नाहीत. मोठे दुखणे दिवाळीच्या सुट्टीसाठी राखून ठेवावे हे उत्तम. सुट्टीत तसेही मानधन नसते, त्यामुळे अंथरुणावर पडून राहिल्याने आपले एका पैशाचेही उत्पन्न बुडत नाही. सणवार, जयंत्या आणि निवडणुकीसाठी महाविद्यालयाची इमारत ताब्यात गेल्याचे दिवसही किरकोळ दुखण्यांसाठी चांगले आहेत.

कायम सेवेतील सहकाऱ्यांशी या बाबतीत सहानुभूतीने वागावे. स्टाफरूममध्ये आपल्या समोरच्या खुर्चीवर बसणारे सर सध्या त्रस्त आहेत, कारण त्यांचे वैद्यकीय प्रतिपूर्तीचे देयक कित्येक महिने अडकून पडले आहे. नियमांत २७ आकस्मिक आणि पाच गंभीर आजारांची यादी आहे. सरांच्या आजाराला त्या यादीत बसवायचे, मग जिल्हा शल्यचिकित्सकांची सही मिळवायची, मग त्रुटी निघायची, मग त्या त्रुटीची पूर्तता. आपण त्यांच्यासाठी चहा मागवावा आणि शांतपणे ऐकून घ्यावे. ज्याचे देयकच नसते त्याला त्रुटीचा मनस्ताप नसतो, हा विचार त्यांच्यासमोर मात्र बोलून दाखवू नये. मोठ्या माणसाला बरे वाटत नाही.

आपल्याला कुठलाही आधार नाही, असा अपप्रचार काही लोक करतात. त्यांना महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची आठवण करून द्यावी. पूर्वी ही योजना प्रामुख्याने पिवळ्या आणि केशरी शिधापत्रिकाधारकांसाठी होती; जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने पांढरे कार्ड असलेलेही तिच्यात आले आणि कुटुंबाला वर्षाला दीड लाखांऐवजी पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण देण्याचे ठरले. योजना खरोखरच चांगली आहे (हे मी उपरोधाने म्हणत नाही), फक्त तिचा लाभ घेण्यासाठी आपला आजार यादीतल्या उपचारांपैकी एकाला पात्र ठरला पाहिजे आणि आपण यादीतल्याच रुग्णालयात दाखल झाले पाहिजे. इथे आपल्या व्यवसायाची अडचण होते. शिक्षकाचे आजार फार सामान्य कुळातले असतात: बसलेला घसा, उभे राहून सुजलेले पाय, एसटीच्या धक्क्यांनी धरलेली कंबर, कारण नऊ तासिकांत भागत नाही म्हणून दुसऱ्या तालुक्यातल्या महाविद्यालयातही आपण शिकवता. यांपैकी एकाही आजारात भरती करून घेत नाहीत. डॉक्टर तपासतात, गोळ्या लिहून देतात आणि पैसे खिशातून जातात. तेव्हा घसा बसल्यावर लगेच दवाखान्यात धावत सुटण्याऐवजी शस्त्रक्रियेची वेळ येईपर्यंत धीर धरावा. मधल्या काळात फळ्यावर जास्त लिहावे.

स्वाभिमानी वाचकांना स्वतःचा आरोग्य विमा घ्यावासा वाटेल. जरूर घ्यावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी शून्यावर आला आहे. ही सवलत केवळ आपल्यासाठीच दिली आहे असे मानून आनंद साजरा करायला हरकत नाही. प्रस्ताव अर्जात मासिक उत्पन्न विचारले, तर कोणत्या महिन्याचे, असा उलट प्रश्न करू नये. एजंटाला नोकरी म्हटली की महिन्याला पगार एवढेच ठाऊक असते. जुलैपासून शिकवलेल्या तासिकांचे पैसे आठ महिन्यांनी एकदम मार्चअखेरीस पडू शकतात, हे त्याला समजावण्यात आपली एक तासिका वाया जाईल. पॉलिसीची तारीख मात्र विचारपूर्वक निवडावी. ती मे महिन्यात आली, तर नूतनीकरणाचा हप्ता नेमका अशा दिवसांत भरावा लागेल जेव्हा वर्ग नाहीत, मानधन नाही आणि पुढच्या वर्षी आपण असू की नाही याची प्राचार्यांनाही कल्पना नाही. हप्ता चुकल्यावर काही दिवसांची वाढीव मुदत मिळते खरी, पण वार्षिक हप्ता असेल तर त्या दिवसांतल्या आजाराचा खर्च कंपनी देत नाही. म्हणून तेवढे दिवस रस्ता ओलांडणे टाळावे. आधीपासूनच्या आजारांसाठी कंपनी तीन वर्षांपर्यंत थांबायला लावू शकते, आणि तेही पॉलिसीत खंड पडू न देता. ज्याला एकाच महाविद्यालयात सलग दहा महिनेही मोजायला मिळत नाहीत, त्याच्याकडून तीन वर्षांच्या अखंडतेची अपेक्षा धरणारी विमा कंपनी ही या देशातली बहुधा एकमेव आशावादी संस्था असावी.

भगिनींसाठी वेगळा सल्ला देणे भाग आहे. मूल जूनच्या आसपास व्हावे असे पाहावे. मात्र दरवर्षी नव्याने होणाऱ्या मुलाखतीच्या तारखेला नको. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये दिल्लीतील एका कंत्राटी महिला डॉक्टरच्या प्रकरणात स्पष्ट सांगितले आहे की, कराराची मुदत संपली म्हणून प्रसूतीचे लाभ संपत नाहीत. या निकालाची प्रत आपल्याजवळ अवश्य असावी. ती फक्त संस्थेला दाखवू नये. ज्या कार्यालयासमोर हा हक्क सांगायचा, त्याच कार्यालयाबाहेरच्या बाकावर पुढच्या वर्षीच्या मुलाखतीसाठी बाळाला सासूबाईंकडे ठेवून आपल्याला बसायचे असते, आणि तिथे ‘मागच्या वर्षी काही अडचण होती का, मॅडम?’ हा प्रश्न अतिशय आपुलकीने विचारला जातो.

ग्रॅच्युइटीबद्दल थोडक्यात. शिक्षक हा कुशल, अकुशल किंवा कारकुनी अशा कोणत्याच प्रकारच्या कामगारांत मोडत नाही, म्हणून तो या कायद्यात बसत नाही, असे २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवले होते. २००९ मध्ये संसदेने कायदा दुरुस्त करून त्याला ३ एप्रिल १९९७ पासून आत घेतले आणि २०२२ मध्ये न्यायालयानेही ती दुरुस्ती मान्य केली. म्हणजे लढाई शिक्षकांनी जिंकली आहे. त्यासाठी सामान्यतः पाच वर्षांची सलग सेवा लागते, आणि आपल्या सेवेत दर उन्हाळ्यात पडणारा खंड हा केवळ योगायोग आहे.

हे सारे वाचून शाळेकडे वळावेसे वाटले, तर तिकडचीही माहिती असू द्यावी. ५ सप्टेंबर २०२४ रोजी, म्हणजे ऐन शिक्षक दिनी, वीस किंवा त्याहून कमी पटाच्या शाळांसाठी जो कंत्राटी शिक्षकांचा शासन निर्णय निघाला, त्यात महिना १५,००० रुपये मानधन आणि १२ रजा होत्या. त्या निर्णयाला शिक्षकांनी कडाडून विरोध केला हे खरे. पण आपण कधी एका रजेचेही तोंड पाहिले नसल्याने बारा हा आकडा वाचून आपले डोळे क्षणभर पाणावले असतील, तर त्यात लाजण्यासारखे काही नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये अतिथी अध्यापकासाठी तासाला १,५०० आणि महिन्याला कमाल ५०,००० रुपये सुचवले होते; ते परिपत्रक मात्र रात्री झोपण्यापूर्वी वाचू नये. रक्तदाब वाढतो, आणि त्याच्या गोळ्यांचे पैसे खिशातूनच जातात.

जूनमध्ये पुन्हा जाहिरात येईल. मूळ कागदपत्रांचे तेच प्लॅस्टिकचे फोल्डर घेऊन रांगेत बसावे, विषयतज्ज्ञांनी विचारलेला मागच्याच वर्षीचा प्रश्न नव्याने ऐकल्यासारखा ऐकावा आणि निवड झाल्यावर हमीपत्र लिहून द्यावे की, कायम नियुक्तीचा, वेतनश्रेणीचा किंवा अन्य कोणत्याही लाभाचा दावा मी कधीही करणार नाही. मुद्रांक, टंकलेखन आणि नोटरी यांचा खर्च आपला. पावती सांभाळून ठेवण्याची आवश्यकता नाही. ती कुठे सादर करायची, याची कुठल्याच शासन निर्णयात सोय नाही.