हरायचीपण एक रीत असते

रविवार, २३ जानेवारी २०२२. मुक्काम कॅरी, नॉर्थ कॅरोलायना.

काल कॉलेज बास्केटबॉलमध्ये वेक फॉरेस्टनं आमच्या कॅरोलायनाला ९८-७६ असं धुतलं. मंगळवारी मायामीनं ८५-५७ असं धुतलं होतं. आठवड्यात दोनदा धुतलं की कापडाचा रंग जातो, आणि आमचा तर मुळातच फिका निळा. हा विनोद माझा नाही, शेजारच्या नागपूरकराचा आहे. तो ड्यूकवाला. कालची मॅच संपायच्या आधीच त्याचा मेसेज आला, "काय बे, यंदा मार्चमध्ये सुट्टी नको टाकू. हापिसात काम करत बस." मार्चमध्ये देशभरातल्या कॉलेज टीमची एनसीएए स्पर्धा असते, त्यात आम्ही नसणार असं त्याला म्हणायचं होतं.

त्याला उत्तर द्यायला म्हणून रात्री वही घेऊन बसलो, आणि आकडे मांडता मांडता माझीच वाचा गेली. तेच इथं लिहितोय.

ज्यांना या भानगडीची कल्पना नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. दोन युनिव्हर्सिट्या, ड्यूक डरहॅमला, कॅरोलायना चॅपल हिलला, मध्ये जेमतेम दहा मैल. एक गडद निळी, एक आकाशी. एक खाजगी, एक सरकारी. आमच्या कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी तरुण समोरासमोर आले की पेठांमध्ये काय वातावरण असतं, ते ज्यानं बघितलंय त्याला जास्त सांगायला नको. तेच इथं, फक्त टीव्हीवर आणि कोट्यवधी डॉलर घालून. एका ऑफिसात दोन्हीकडचे, एका घरात दोन्हीकडचे. माझी बायको चॅपल हिलला शिकली, म्हणून मी कॅरोलायनाचा. मला कुणी विचारलं नव्हतं.

आता हिशेब. ड्यूक १५-३, म्हणजे पंधरा जिंकल्या, तीन हरल्या. कॅरोलायना १२-६. वरवर बघितलं तर तीन मॅचचा फरक. हंगाम अजून अर्धा बाकी, एसीसीच्या, म्हणजे आमच्या दोघांच्या लीगच्या, २० मॅचपैकी आमच्या फक्त सात झाल्यात, त्यातल्या चार जिंकल्या. म्हणजे अजून तेरा आहेत, फरक भरून निघेल, असं मी परवापर्यंत सगळ्यांना ऐकवत होतो.

पण हरलेल्या मॅच बाजूला काढून बघा. ड्यूक ओहायो स्टेटशी पाच गुणांनी हरले, मायामीशी दोन गुणांनी, आणि परवा फ्लोरिडा स्टेटशी जादा वेळेत एका गुणानं. तिन्ही पराभव मिळून आठ गुण. आठ! आमचे सहा पराभव मिळून एकशेदहा. टेनेसीशी १७, केंटकीशी २९, मायामीशी २८, वेकशी २२. पर्ड्यूशी नऊनं आणि नोत्र दामशी पाचनं हरलो, त्या दोनच काय त्या झुंज दिलेल्या. हरणाऱ्या टीमनं शेवटच्या दोन मिनिटांपर्यंत प्रेक्षकाला खुर्चीत बसवून ठेवलं तर ते हरणं मी समजू शकतो. आमच्या मॅचमध्ये दुसऱ्या हाफच्या मध्यावर मी भांडी घासायला उठतो.

याहून वाईट गोष्ट मला रात्री एकच्या सुमारास दिसली. हे सहाच्या सहा पराभव घराबाहेरचे आहेत. आमच्या घरच्या मैदानावर, डीन डोममध्ये, यंदा आम्ही एकही मॅच हरलेलो नाही. मिशिगनला तिथं ७२-५१ नं घालवलं. व्हर्जिनियाच्या मॅचला तर आमच्या बेकॉटनं २९ गुण आणि २२ रिबाउंड घेतले, त्या दिवशी मी घरात नाचलो होतो. एकवीस हजारांच्या वर माणसं मागे उभी राहिली की आमची पोरं वाघ. दार ओलांडलं की मांजर. आणि मार्चमधल्या स्पर्धेत घर नावाची गोष्टच नसते. सगळं तटस्थ मैदानावर. हरलात की बॅग भरा.

ड्यूकचं नेमकं उलटं आहे. त्यांचे मोठे दोन विजय घराबाहेरचेच. पहिल्याच दिवशी न्यूयॉर्कला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये केंटकीला ७९-७१. मग लास वेगासला गोन्झागाला ८४-८१, तेव्हा गोन्झागा देशात एक नंबरला होती. त्या मॅचला पाओलो बँकेरोनं पहिल्या हाफमध्येच २० ठोकले, तेव्हाच माझ्या पोटात गोळा आला होता. एकोणीस वर्षांचं पोरगं, सहा फूट दहा इंच, बॉल हाताळतं गार्डसारखा. पुढच्या वर्षी ते एनबीएत असणार हे शेंबडं पोरही सांगेल. आणि मायामीशी ते हरले ते मात्र स्वतःच्या घरात, कॅमेरनमध्ये. त्यांना घराची गरज नाही असं दिसतंय.

मार्चच्या स्पर्धेसाठी टीम निवडणारी समिती नुसता १५-३ किंवा १२-६ बघत नाही, हे आपल्या ग्रुपमधल्या काही मंडळींना अजून पटत नाही. २०१८-१९ पासून नेट नावाची क्रमवारी आली, आणि सगळ्या मॅच चार गटांत वाटायची पद्धत तर त्याच्या आदल्या वर्षीच आली होती. समोरची टीम कितवी आहे आणि मॅच कुठं झाली, यावर गट ठरतो. पहिल्या गटातला विजय म्हणजे घरी खेळलात तर पहिल्या ३० मधली टीम हवी, तटस्थ मैदानावर पहिल्या ५० मधली चालते, दुसऱ्याच्या घरी जाऊन जिंकलात तर ७५ पर्यंतची. बाहेर जिंकायला जास्त भाव, न्यायाचंच आहे. आता कॅरोलायनाच्या बारा विजयांतून मी पहिल्या गटातला विजय शोधत बसलो. एकही नाही. शून्य. त्यात यंदा आमची एसीसीच मवाळ आहे, त्यामुळे असे विजय मिळवायच्या संधीही मोजक्याच. राहिलेल्यांत दोन मोठ्या संधी ड्यूकविरुद्धच. ५ फेब्रुवारीला आमच्याकडे, ५ मार्चला त्यांच्याकडे.

आता ह्युबर्ट डेव्हिसबद्दल दोन शब्द, कारण सगळे त्याच्यावर घसरलेत. माणूस स्वतः कॅरोलायनाकडून खेळलेला, एनबीएत खेळलेला, २०१२ पासून इथं सहायक. पण मुख्य कोच म्हणून हे पहिलंच वर्ष. गेल्या एप्रिलमध्ये रॉय विल्यम्स अचानक निवृत्त झाले, तीन अजिंक्यपदं मिळवलेला माणूस, त्यांच्या जागेवर बसणं म्हणजे सोपं काम नाही. रॉय दोन उंच गडी बास्केटजवळ ठेवून खेळायचे. ह्युबर्टनं आत एकटा बेकॉट ठेवला आणि बाकीचे चौघे बाहेर पसरवले. दाढीवाला ब्रॅडी मॅनेक ओक्लाहोमाहून आला तो लांबून तीन गुणांचे फटके मारायलाच. गेल्या वर्षीपासून दुसऱ्या कॉलेजातून आलेल्या पोराला एकदा तरी वर्षभर न थांबता लगेच खेळता येतं, त्यामुळे असे भरतीचे गडी सगळीकडेच आहेत. काल आम्हाला ज्यांनी झोपवलं ते वेकचे अलॉन्डेस विल्यम्स आणि जेक लाराव्हियाही बाहेरूनच आलेत. डाव चुकीचा आहे असं मला वाटत नाही. बचावाला पाय हलत नाहीत आणि आमच्या कॅलेब लव्हचा दिवस कुठला असणार हे त्याचं त्यालाही ठाऊक नसतं, खरी रड ही आहे. तो पेटला तर कुणालाही पाडेल. विझला तर आम्हाला पाडेल.

ड्यूकमध्ये खोट नाही असं नाही. ओहायो स्टेटच्या मॅचला हाफटाइमला मोठी आघाडी होती आणि शेवटच्या काही मिनिटांत बास्केटच मिळेनाशी झाली. एक नंबरला चढल्याच्या दुसऱ्याच दिवशी ते हरले. मायामी, फ्लोरिडा स्टेट, तीच गोष्ट. अटीतटीला बॉल कुणाच्या हातात द्यायचा हे त्यांचं ठरलेलं नाही. बँकेरो, मूर, की रोच? नागपूरकराला हे विचारलं की तो विषय बदलतो आणि मार्क विल्यम्सच्या ब्लॉकबद्दल बोलायला लागतो. त्यांचा ट्रेव्हर कील्स फ्लोरिडाला पायाला लागून बसलाय, पण काल त्याच्याशिवाय त्यांनी सिरॅक्यूजला वीस गुणांनी हरवलं, त्यामुळे तो मुद्दाही मला वापरता येत नाही.

आणि ड्यूकचे कोच के, म्हणजे माइक Krzyzewski. (आडनावाचं स्पेलिंग बघून जो उच्चार सुचेल तो चूक, एवढं लक्षात ठेवा.) १९८० पासून एकाच कॉलेजात, पाच अजिंक्यपदं, आणि हे शेवटचं वर्ष हे गेल्या जूनमध्येच जाहीर झालंय. जॉन शायर गादीवर बसणार हेही ठरलंय. प्रत्येक गावात निरोप समारंभ चाललाय. अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरांना दर मॅचला म्हाताऱ्याचा शेवट गोड करायचं ओझं. मी कॅरोलायनावाला आहे, मला त्या माणसाबद्दल प्रेम असायचं कारण नाही, पण गेल्या वर्षी १९९५ नंतर पहिल्यांदाच ड्यूक स्पर्धेत नव्हते तेव्हा मार्च थोडा अळणी लागला होता, हे कबूल करतो. आम्ही होतो, पण पहिल्याच फेरीत विस्कॉन्सिननं ८५-६२ नं घरी पाठवलं. तेव्हाही फरक बघा. तेवीस.

तर माझं म्हणणं असं. ड्यूकला दुसरं सीड, म्हणजे मानांकन, मिळेल, आणि न्यू ऑर्लिन्सच्या फायनल फोरपर्यंत, म्हणजे शेवटच्या चार टीमपर्यंत, ते पोहोचतील. कॅरोलायना स्पर्धेच्या ६८ टीममध्ये येईल की नाही हे १३ मार्चच्या रविवारी संध्याकाळपर्यंत कळणार नाही. आलीच तर दहावं-अकरावं सीड, कदाचित डेटनला पात्रता फेरी खेळायला लागेल. तिथून एक मॅच जिंकली तर मी पेढे वाटीन. जीभ जड झाली हे लिहिताना, पण वहीत जे दिसतंय ते दिसतंय. बायकोला वाचून दाखवलं, ती म्हणाली, "तुला बेकॉट कळलाच नाही." असेल.

मघाशी नागपूरकर चहाला आला होता, त्याला हे सगळं सांगितलं. भलताच खूश झाला. जाता जाता म्हणाला, "आणि स्पर्धेतच गाठ पडली तर?" मी हसलो. एवढी वर्षं झाली, दोघांची मिळून अजिंक्यपदं दोन हातांच्या बोटांत मावत नाहीत, पण एनसीएए स्पर्धेत हे दोघे एकमेकांसमोर एकदाही आलेले नाहीत. एकदाही! आणि ते यंदा होणार, या कॅरोलायनाबरोबर? मी पैज लावली. गाठ पडलीच तर मी अख्ख्या कॉलनीला तांबडा-पांढरा करून घालीन, मटण माझं. आणि वर कॅरोलायना जिंकली तर त्यानं सावजी करायचं, मसाला नागपूरहून मागवून.

त्यानं हात पुढे केला, मी टाळी दिली. उद्या व्हर्जिनिया टेकची मॅच आहे. घरीच आहे, म्हणजे जिंकू.