शेजारची सीटही माझीच आहे हो!
लांबच्या विमानप्रवासात ऐसपैस बसावं म्हणून इकॉनॉमीतली शेजारची सीटही घ्यायची, तर त्यात कटकटच फार! वेबसाइट दुसऱ्या प्रवाशाचं नाव मागत अडून बसते; मग फोन लावा, होल्डवरचं संगीत ऐका. तिकिटावर 'ईएक्सएसटी' (म्हणजे एक्स्ट्रा सीट) छापलेलं असलं तरी गेटवर दुसरा बोर्डिंग पास स्कॅन झाला नाही, की सीट रिकामी समजून वेटिंगवाल्याला बहाल! एवढं करून टेकावं, तर कुणीतरी हजर. "इथे कुणी नाही ना?" अहो, मीच आहे, दोन्हीकडे! आणि पहिली रांग मिळाली तर मधला आर्मरेस्ट वरच होत नाही, ट्रे त्यातच कोंबलेला. म्हणजे जेमतेम 17-18 इंचांची दोन वेगळी खुराडी. सामानाची मर्यादा मात्र काही कंपन्यांत एकाचीच!