जुनं आरपीजी पुस्तक महाग का झालं, हे आधी शोधा

टेबलटॉप आरपीजी, म्हणजे टेबलाभोवती बसून पात्रं रंगवत फाशांवर खेळायचे रोल-प्लेइंग खेळ, खेळणाऱ्या आपल्या मंडळींत एक समज घट्ट बसलाय. छपाई बंद झालेलं पुस्तक म्हणजे हजारोंचा चुराडा, तेव्हा त्याचा नादच नको. मला हे अजिबात पटत नाही. पुस्तक बाजारातून का गेलं, एवढं आधी शोधून काढलं तर बहुतेक वेळा ते परवडणाऱ्या भावात मिळतं. ज्यांना मिळत नाही, ते सहसा भलतीच प्रत शोधत असतात.

उदाहरण देतो. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ काढणाऱ्या टीएसआर कंपनीने १९८० साली ‘डीटीज अँड डेमिगॉड्स’ काढलं. जगभरच्या पुराणांतले देव त्या खेळाच्या नियमांत बसवलेले. त्यात भारतीय देवतांचंही प्रकरण आहे. इंद्र, अग्नी, काली, प्रत्येकाला हिट पॉइंट्स (किती मार सोसेल) आणि आर्मर क्लास (किती बचाव होईल)! आपल्याकडच्या कुठल्याही खेळाडूला ही पानं बघाविशी वाटणारच. सुरुवातीच्या छपाईत कथूलू आणि मेल्निबोने या आधुनिक लेखकांच्या कल्पित विश्वांवर आणखी दोन प्रकरणं होती. ती पुढे काढली आणि १४४ पानांचं पुस्तक १२८ पानांवर आलं. संग्राहकांची झुंबड असते ती १४४ पानी प्रतीवर. १२८ पानी प्रत त्यामानाने बरीच स्वस्त. त्याहून पुढे १९८५ मध्ये हेच पुस्तक नवं मुखपृष्ठ लावून ‘लेजंड्स अँड लोअर’ नावाने आलं. इंद्र तिन्हीकडे तोच आहे. तुम्हाला इंद्र हवा असेल, तर त्या दोन गाळलेल्या प्रकरणांचे पैसे कशाला भरायचे?

म्हणून विकत घेण्याआधी स्वतःला विचारायचं की मला हे वाचायचं आहे, खेळायचं आहे, की जपून ठेवायचं आहे. जपून ठेवणाऱ्यांबद्दल माझा राग नाही. फक्त प्लास्टिकचं वेष्टनही न काढता कपाटात बंद केलेला बॉक्स सेट बघितला की जीव तुटतो. ज्याने तो लिहिला, त्याने कुणाच्या तरी टेबलावर फासे पडावेत म्हणून लिहिला होता.

नव्वदच्या दशकातली टीएसआरची पुस्तकं दुर्मिळ समजून घाबरून जाऊ नका. रेव्हनलॉफ्ट, डार्क सन, अल-कादिम, प्लेनस्केप, बर्थराइट, अशी खेळासाठीची काल्पनिक जगं त्यांनी एकामागून एक बाजारात ओतली. इतकी, की वितरक रँडम हाउसकडून न खपलेला माल परत येऊ लागला आणि कंपनीचं कंबरडं मोडायला ते एक मोठं कारण ठरलं. १९९७ मध्ये विझर्ड्स ऑफ द कोस्ट या दुसऱ्या खेळ-कंपनीने ती विकत घेतली. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या सेकंड एडिशनचं १९८९चं ‘प्लेअर्स हँडबुक’ अमाप छापलं गेलंय. त्याला कुणी ‘रेअर’ म्हणून चढा भाव सांगत असेल, तर सरळ पुढे जा. बॉक्स सेट मात्र जपून घ्या. नकाशे, पोस्टर, सुट्या पत्रिका यांतलं काहीतरी हरवलेलं असतं. आत काय काय आहे त्याची यादी आणि फोटो मागितल्याशिवाय पैसे पाठवू नका.

भावाबद्दल एक गोष्ट कळकळीने सांगतो. विक्रेत्याने मागितलेली किंमत ही बाजारभाव नव्हे. ईबेवर ‘सोल्ड आयटम्स’ची चाळणी लावा. प्रत्यक्षात कितीला गेलं ते तिथे दिसतं, आणि हाच आकडा खरा. मग अमेरिकेतल्या नोबल नाइट गेम्ससारख्या जुन्या खेळांच्या दुकानात भाव बघा. मग एबबुक्सवर शोधा, कारण तिथे साधे जुनी पुस्तकं विकणारेही असतात. त्यांतल्या अनेकांना आरपीजीशी देणंघेणं नसतं, ते नेहमीच्या जुन्या पुस्तकाचा भाव लावून मोकळे होतात. शोधताना नावाबरोबर आयएसबीएन टाकून बघा, टीएसआरचा चार आकडी उत्पादन क्रमांकही टाकून बघा. नाव चुकीचं लिहिलेल्या जाहिराती अशाच सापडतात.

पीडीएफचा मुद्दा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. एप्रिल २००९मध्ये विझर्ड्सने आपल्या सगळ्या पीडीएफ विक्रीतून एकदम काढून घेतल्या. जुनं मॉड्यूल (खेळायला तयार साहसकथा) कायदेशीरपणे वाचायचं तर जुनी छापील प्रत गाठण्यावाचून मार्ग उरला नाही. २०१३ मध्ये त्या परत येऊ लागल्या. आज ड्राइव्हथ्रूआरपीजी या संकेतस्थळावर शेकडो जुनी पुस्तकं काही डॉलरना मिळतात. ‘रूल्स सायक्लोपीडिया’सारखी कित्येक तर मागणीनुसार छापूनही मिळतात. वाचणाऱ्याला वाचायला मिळालं की तो लिलावातून बाहेर पडतो. उरतात फक्त संग्राहक. त्यांनी आपसात हवा तेवढा भाव चढवावा, आपलं काही अडत नाही.

नुसते नियम हवे असतील तर त्याहून सोपं आहे. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या फर्स्ट एडिशनचे नियम ‘ऑस्रिक’ या पुस्तकाने २००६ मध्ये नव्याने मांडले. त्याच खेळाच्या १९८१च्या बेसिक-एक्स्पर्ट या सोप्या रूपाचे नियम ‘ओल्ड-स्कूल एसेन्शिअल्स’मध्ये मुळापेक्षाही सुटसुटीत मांडले आहेत. माझ्या मते खेळायला बसणाऱ्यांनी आधी हेच घ्यावं.

खरं दुखणं आहे दुसऱ्यांच्या गाजलेल्या कथांच्या परवान्यावर निघालेल्या खेळांचं. वेस्ट एंड गेम्सचं १९८७चं ‘स्टार वॉर्स’, आयर्न क्राउनचं १९८४चं ‘मिडल-अर्थ रोल प्लेइंग’. परवाना गेला की पुस्तक संपलं. पुनर्मुद्रण नाही, पीडीएफ नाही. ‘मार्व्हल हिरोइक’ तर २०१२ मध्ये आलं, पुढच्याच वर्षी परवाना संपला आणि पीडीएफसुद्धा विक्रीतून गेली. लोकांनी वर्षानुवर्षं मेहनत घेऊन लिहिलेलं काम दोन कंपन्यांच्या कराराची तारीख उलटली म्हणून गायब व्हावं, हे मला अन्यायाचं वाटतं. करार करतानाच जुनी पुस्तकं विकत राहण्याची तरतूद केली पाहिजे. पण कधीकधी वाट बघण्यात अर्थ असतो, हेही खरं. फँटसी फ्लाइट या प्रकाशकाने २०१८ मध्ये ‘स्टार वॉर्स’चं मूळ नियमपुस्तक आणि सोर्सबुक पुन्हा छापलं, तेव्हा मूळ प्रतींसाठी खिसा रिकामा करण्याचं कारणच उरलं नाही. पुरवणी पुस्तकं मात्र अजूनही जुन्या बाजारातच शोधावी लागतात. तिथे सुटं पुस्तक घेण्यापेक्षा कुणी अख्खा संग्रह एकगठ्ठा काढत असेल तर चार मित्रांनी मिळून घ्यावा आणि वाटून घ्यावा.

भारतात बसून मागवायचं तर अडचण पुस्तकाच्या किमतीची नसते, पोस्टाच्या खर्चाची असते. जाड पुठ्ठ्याचं एक पुस्तक किलोच्या आसपास भरतं, आणि बरेचदा टपालखर्च पुस्तकापेक्षा जास्त होतो. ईबे इंडिया २०१८ मध्येच बंद झालं. त्यामुळे सगळ्यांत बरा मार्ग अजून तोच, न्यू जर्सीतल्या मावसभावाच्या पत्त्यावर मागवायचं आणि तो दिवाळीला येईल तेव्हा त्याच्या बॅगेतून आणायचं. त्याला फार तर दोन पुस्तकं सांगा, बॉक्स सेट सांगू नका. कुरिअरने मागवलंत तर एवढं ध्यानात ठेवा की कस्टमच्या लेखी छापील पुस्तक वेगळं आणि फासे-सोंगट्यांचा खेळ वेगळा. पुस्तकावर २०१९ पासून पाच टक्के शुल्क आहे, खेळावरचं त्याहून बरंच जड.

आपल्या फूटपाथवरही डोळे उघडे ठेवा. अमेरिकन हार्डकव्हर तिथे मिळेल अशी आशा मी धरत नाही. पण ऐंशीच्या दशकात ब्रिटिशांनी आरपीजी खिशात मावणाऱ्या पेपरबॅकमध्ये काढले होते आणि ते साध्या पुस्तकांच्या दुकानांतून विकले जात. पफिनची ‘फायटिंग फँटसी’ मालिका बऱ्याच जणांना ठाऊक असते. कॉर्गीने १९८५-८६ मध्ये काढलेलं सहा पुस्तकांचं ‘ड्रॅगन वॉरियर्स’ फारसं कुणाला माहीत नसतं. दिसायला ती मुलांच्या कादंबऱ्यांसारखी, त्यामुळे विक्रेता त्याच ढिगात टाकतो आणि त्याच भावात देतो. यातलं सहावं, ‘द लँड्स ऑफ लेजंड’, मी शोधतोय. त्यात त्या खेळाच्या जगाचं वर्णन आहे, आणि आमच्या मोहिमेला ते हवंच आहे. मुंबईत किंग्ज सर्कलला किंवा फाउंटनला जुन्या पुस्तकांच्या फूटपाथवर कुणाला दिसलं तर उचलून ठेवा आणि मेसेज करा. पान दुमडलेलं, कुणा मुलाचं नाव लिहिलेलं, पेन्सिलीने कॅरेक्टर शीट (पात्राच्या माहितीचं पान) भरलेली, कसंही चालेल.