लेंडीखत हवे, मेंढरू नको

दिवाळी सरली की फलटण, पारनेरकडचे धनगर घोड्यांवर बिऱ्हाड लादून, वर कोंबड्या बांधून कोकणाच्या वाटेला लागतात. ही वाट आपल्या शिवारातून जात असेल, तर जागरूक शेतकरी या नात्याने काही पथ्ये पाळावीत.

रान मोकळे असेल तर मेंढरे बसवण्यासाठी आपणच फोन करावा. संध्याकाळी वाघर, म्हणजे कळपाभोवतीचे जाळे, लागली की रात्रभरात लेंड्या आणि मूत थेट जमिनीला मिळते. ना ट्रॅक्टरचे भाडे, ना खत पसरायला गडी. ठरलेले धान्य मोजून देताना मात्र ‘यंदा लेंड्या जरा विरळच पडल्या’ अशी कुरकुर अवश्य करावी. सकाळी तेच मेंढरू शेजाऱ्याच्या हरभऱ्यात तोंड घालील, तेव्हा हा धनगर कोण, कुठला, हे आपणांस ठाऊक नाही, असे शपथेवर सांगावे.

मेंढरांनी पिकात शिरू नये यासाठी त्यांना चरायला दुसरी जागाच उरणार नाही, याची तजवीज मुळातच करावी. गायरानाकडचा बांध दरवर्षी नांगराच्या एकेका तासाने पुढे सरकवावा. उरलेल्या गायरानावर कोणी कांद्याची चाळ उभारतो, कोणी घर बांधतो, अलीकडे सौर प्रकल्पही येऊ लागले आहेत, आणि पलीकडच्या रोपवनात वनखात्याची चराईबंदी असतेच. गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटवण्याचे आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये राज्यांना दिले होते. ग्रामसभेत तो विषय काढू नये. मग दोन्ही बाजूंना ऊस आणि मधे डांबरी सडक अशा बोळातून अख्ख्या कळपाने इकडेतिकडे तोंड न घालता चालावे, एवढी माफक अपेक्षा आपणांस हक्काने ठेवता येते.

नुकसान सांगताना हात आखडता घेऊ नये. फक्त कोवळी ज्वारी खाल्ली, असे चुकूनही म्हणू नये. ती मेंढराला विषारी ठरू शकते, हे धनगराला पक्के ठाऊक असते आणि तशा वावराच्या कडेला तो स्वतःच काठी आडवी धरून उभा राहतो. पोटभर खाल्ली असती, तर पंचनाम्याला मेलेली मेंढरेही दाखवावी लागली असती.

पिकात शिरलेले जनावर कोंडवाड्यात घालण्याची सोय १८७१ च्या कायद्यातच आहे. परंतु कोंडवाड्याच्या जागी आता ग्रामपंचायतीचे गाळे असतील, आणि त्यांतला एक आपल्याच मेहुण्याचा असेल, तर कायद्याचा फार आग्रह धरू नये. त्यापेक्षा भरपाईची तडजोड एका मेंढ्यावर करावी; पावती फाडावी लागत नाही आणि न्यायनिवाड्याला आलेल्या पंचांच्या जेवणाचाही प्रश्न सुटतो.