संयम आम्ही ठेवायचा आणि मांडणी त्यांची!

‘तोंडावर ताबा ठेवा’ हा सल्ला आता डोक्यात जातो. ठेवायचा कुठे? सुपरमार्केटात बिलाच्या रांगेत अडकलं की दोन्ही बाजूंना चॉकलेटं आणि गोळ्या, तेही बरोब्बर पोराच्या डोळ्यांच्या उंचीवर. योगायोग नाही हो, अशा मोक्याच्या जागांसाठी कंपन्या पैसे मोजतात. पोर हात घालणार, आपण नाही म्हणणार, ते भोकाड पसरणार आणि मागचे लोक रागाने बघणार कुणाकडे? आपल्याकडे!

पाकिटाची तीच गत. पुढे ठळक ‘नैसर्गिक’. घटकांची यादी मागे, घडीत, मुंगीच्या अक्षरात. जे जास्त ते यादीत आधी लिहावं लागतं, म्हणून साखर यादीत वर दिसू नये यासाठी तिचेच वेगवेगळ्या नावांनी तुकडे: थोडं ग्लुकोज सिरप, थोडं डेक्स्ट्रोज, थोडी साखर. जागतिक आरोग्य संघटना सांगते, दिवसाला मीठ 5 ग्रॅमच्या आत. पाकिटावर आकडा सोडियमचा, तोही 100 ग्रॅममागे. मीठ किती ते कळायला आधी सोडियमला अडीचने गुणा, मग खा! चिली देशाने 2016 मध्ये दर्शनी भागावर काळे अष्टकोनी शिक्के आणले: ‘साखर जास्त’, ‘सोडियम जास्त’. म्हणजे मनात आणलं तर जमतं.

आणि ऑफिसचं कॅन्टीन! तळलेलं समोर, गरमागरम. फळं कोपऱ्यात, सुरकुतलेली. कोल्ड्रिंकचं मशीन दारातच, पिण्याचं पाणी जिन्यामागे. वर भिंतीवर पोस्टर, ‘आरोग्य तुमच्या हाती’. अरे, मग ते मशीन आणि पाणी यांची अदलाबदल करा ना. एवढ्यासाठी समिती कशाला बसवताय?