वृद्धाश्रमाविषयी बोलताना रात्रीविषयीही बोलावे

माझ्या आत्याला आम्ही भावंडांनी पुण्यातील एका केअर सेंटरमध्ये ठेवले, तेव्हापासून घरच्या प्रत्येक कार्यात एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारला जातो: घरात एवढी माणसे असताना ही वेळ का यावी? विचारणाऱ्यांच्या मायेविषयी मला शंका नाही. परंतु त्यानंतरची चर्चा संस्कार, कृतज्ञता आणि परदेशी गेलेली मुले यांच्याभोवतीच फिरत राहते, आणि अंथरुणाला खिळलेल्या माणसाला चोवीस तासांत नेमके काय लागते, हे कोणी विचारत नाही. माझे मत असे आहे की हा निर्णय रात्रीच्या शुश्रूषेकडे पाहून घ्यावा. घर असो वा संस्था, रात्री दोन वाजता कूस बदलायला जिथे जागे आणि सक्षम माणूस असेल, तिथे त्या व्यक्तीने राहावे.

आत्या निवृत्त शिक्षिका आहे. तिला अपत्य नाही आणि आतोबा जाऊन बरीच वर्षे झाली. खुब्याचे हाड मोडल्यावर शस्त्रक्रिया व्यवस्थित झाली, पण ती पुन्हा पायांवर उभी राहू शकली नाही. आम्ही ब्युरोमार्फत दिवसपाळी आणि रात्रपाळीच्या मावशी ठेवल्या. त्यांच्यापैकी काही जणींनी केलेली सेवा मी विसरणार नाही. तरीही त्या व्यवस्थेला मर्यादा होत्या. चालता न येणाऱ्या माणसाला पलंगावरून खुर्चीत घेण्यासाठी दोन माणसे लागतात, आणि रात्री घरात मावशी एकटीच असे. शिवाय रात्रपाळीला येणारी बाई बहुधा दिवसभर दुसरीकडे राबून आलेली असे. तिचा डोळा लागला तर तिला दोष देण्याचे धैर्य मला होत नाही; तिच्या कष्टांवर उभी राहिलेली ही रचनाच अपुरी आहे. पडून असलेल्या रुग्णाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर माकडहाडापाशी आणि टाचांवर दाब पडून कातडी लाल होते आणि मग जखमा होतात. हवेची गादी मदत करते, पण ती माणसाच्या हातांची जागा घेऊ शकत नाही. आत्याच्या पाठीवर तो लालसर चट्टा दिसला, त्या दिवशी आमची चर्चा संपली.

जागा तिने स्वतः पाहून निवडली, आणि मला या सर्व प्रक्रियेतील ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाटते. चाकांच्या खुर्चीत बसवून तिला नेले, तेव्हा बाग आणि देवघर दाखवणाऱ्या व्यवस्थापकांना तिने मध्येच थांबवून विचारले, “रात्री मी घंटा वाजवली तर किती वेळात कोण येतं?” एका ठिकाणी त्यावर गोलमोल उत्तर मिळाले आणि ती मला म्हणाली, “चल, पुढची बघू.” ज्येष्ठ व्यक्तीची समज शाबूत असताना तिला न सांगता, “चार दिवस हवापालट” अशा थापा मारून नेऊन सोडणारी कुटुंबे मी पाहिली आहेत. ही फसवणूक आहे, आणि पुढे औषध किंवा जेवण नाकारण्यातून त्या माणसाचा अविश्वास व्यक्त होत राहतो.

संस्था पाहायला जाताना वेळ न कळवता, शक्यतो संध्याकाळच्या जेवणाच्या सुमारास जावे. त्या वेळी पाळी बदलत असते, भरवण्याची घाई असते आणि संस्थेचे खरे मनुष्यबळ दिसते. भरवताना रुग्णाला उठून बसवतात की आडवे ठेवूनच घास देतात, हे पाहावे, कारण आडवे असताना अन्न श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. भर दिवसा सगळेच रहिवासी झोपलेले असतील तर गुंगीच्या औषधांविषयी स्पष्ट विचारावे. कोणाचे हात पलंगाला बांधलेले दिसले तर तिथे पुढचे काही विचारण्याची गरज उरत नाही.

कागदपत्रांचे काम रुक्ष असले तरी ते माणूस शुद्धीत असतानाच करावे लागते. अनेक कुटुंबे कुलमुखत्यारपत्रावर विसंबून राहतात, परंतु 1872 च्या करार कायद्याच्या कलम 201 नुसार मुखत्यारपत्र देणाऱ्याची मानसिक क्षमता गेली की ते संपुष्टात येते. म्हणजे स्मृतिभ्रंशात, नेमकी गरज असते तेव्हा, ते उपयोगी पडत नाही. बँक खात्याची व्यवस्था आणि मृत्युपत्र आधीच झालेले बरे. निवृत्तिवेतनाच्या हयातीच्या दाखल्यासाठी मात्र आता बँकेत नेण्याची आवश्यकता राहिलेली नाही. वयोमानाने बोटांचे ठसे उमटत नसतील तर 2021 पासून चेहऱ्याच्या ओळखीवरही डिजिटल दाखला काढता येतो.

आता कायद्याविषयी. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहासाठीचा 2007 चा कायदा अपत्यहीन ज्येष्ठांचाही विचार करतो: त्यांची मालमत्ता ज्याच्या ताब्यात आहे किंवा ज्याला पुढे मिळणार आहे, अशा प्रौढ वारसावर तो निर्वाहाची जबाबदारी टाकतो. मला ही तरतूद अत्यंत न्याय्य वाटते. भाचे-पुतण्यांनी फ्लॅटचा हिशेब आधी आणि औषधांचा नंतर करण्याची सवय तिने मोडायला हवी. प्रत्येक जिल्ह्यात निराधार ज्येष्ठांसाठी किमान 150 जणांची सोय असलेले वृद्धाश्रम टप्प्याटप्प्याने उभारावेत, असेही त्या कायद्यात म्हटले आहे. परंतु पैसे मोजून शुश्रूषा विकत घेणाऱ्या कुटुंबांना त्यातून फारसे संरक्षण मिळत नाही. 2019 मध्ये लोकसभेत मांडलेल्या दुरुस्ती विधेयकात अशा निवासी संस्थांची आणि घरपोच सेवा देणाऱ्या एजन्सींचीही नोंदणी आणि किमान दर्जा यांची तरतूद होती. ते विधेयक त्या लोकसभेत संमत झाले नाही.

बंगल्याच्या दोन मजल्यांत खाटा टाकून केअर सेंटर सुरू होते आणि त्यावर देखरेख कोणाची, हे कुटुंबाला सांगता येत नाही, ही स्थिती मला असह्य वाटते. मध्यमवर्गीय घरात महिन्याचे निम्मे निवृत्तिवेतन आणि वर भावंडांची वर्गणी तिथे जाते. निदान रात्रपाळीला किती प्रशिक्षित माणसे आहेत आणि एका माणसाकडे किती रुग्ण आहेत, हे संस्थेने दारावर लिहावे आणि शासनाने ते अचानक जाऊन तपासावे, एवढी सक्ती करण्यासाठी कोणत्याही मोठ्या निधीची गरज नाही. आमच्या प्रभागातील ज्येष्ठ नागरिक संघाने याच मागणीचे निवेदन तयार करण्यास घेतले आहे, आणि त्यातील रात्रपाळीविषयीचा परिच्छेद आत्याने सांगितला व मी लिहून घेतला.