ऑरवेल चुकला, हक्सले जिंकला?

बडोद्यातल्या आमच्या वाचनकट्ट्याच्या व्हॉट्सॲप गटावर गेल्या महिन्यात एकच मजकूर तीन सभासदांकडून तीनदा आला. त्याचा आशय असा : इंग्रज कादंबरीकार जॉर्ज ऑरवेलला भीती होती की पुस्तकांवर बंदी येईल, त्याच्याच काळातल्या ऑल्डस हक्सलेला भीती होती की बंदीची गरजच उरणार नाही, कारण वाचावेसे कुणाला वाटणारच नाही. आज हातातला मोबाइल पाहा आणि कोण खरे ठरले ते सांगा. सेन्सॉरशिपविरुद्ध ओरडणे आता कालबाह्य झाले आहे आणि आपल्याकडे तर बंदीची वेळच येत नाही. खाली लेखक म्हणून हक्सलेचे नाव. आमच्या नानांनी त्याला पुरावाही जोडला : वाचनालयातल्या हक्सलेच्या 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड' कादंबरीच्या प्रतीला मागे चिकटवलेल्या तारखांच्या चिठ्ठीचा फोटो. शेवटचा शिक्का २०१६ सालचा होता.

आधी नावाचे पाहू. ही तुलना हक्सलेची नाही. नील पोस्टमन या अमेरिकी माध्यम-अभ्यासकांनी १९८५ साली दूरचित्रवाणीवरच्या आपल्या पुस्तकाच्या प्रास्ताविकात ती केली. हक्सलेने ऑरवेलला स्वतः लिहिले ते निराळे आहे. ईटनच्या शाळेत ऑरवेल काही काळ त्याचा विद्यार्थी होता. ऑरवेलची 'नाइन्टीन एटीफोर' १९४९ साली प्रसिद्ध झाल्यावर त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात या जुन्या मास्तरांनी पत्र पाठवून कादंबरीची वाखाणणी केली आणि असे मत मांडले, की सोटा आणि तुरुंग यांच्यापेक्षा लहानपणापासून लावलेले वळण आणि संमोहन ही साधने राज्यकर्त्यांना अधिक सोयीची वाटतील. म्हणजे साधन बदलेल, ते वापरणारा हात तोच राहील. फिरत्या मजकुरातून नेमका तो हातच गळला आहे. उरला आहे तो फक्त आळशी वाचक, आणि सगळा दोष त्याच्या माथी.

ऑरवेलने केवळ बंदीची भीती घातली, हे म्हणणे कादंबरी न उघडता केलेले आहे. तिचा नायक विन्स्टन स्मिथ पुस्तके जप्त करत नाही. तो सत्य मंत्रालयाच्या दप्तर विभागात बसून वर्तमानपत्राचे जुने अंक 'दुरुस्त' करतो आणि जुना कागद भिंतीतल्या फटीत टाकतो. तो कागद इमारतीच्या पोटातल्या भट्टीत जातो. त्याच इमारतीत त्याची प्रेयसी ज्यूलिया कादंबऱ्या रचणाऱ्या यंत्रांवर काम करते. लोकसंख्येच्या ८५ टक्के असलेल्या कष्टकऱ्यांसाठी तेथे सवंग वर्तमानपत्रे, यंत्राने जुळवलेली प्रेमगीते, अश्लील पुस्तिका तयार होतात. त्यांच्यासाठी लॉटरीही असते, ती विपुलता मंत्रालय चालवते, आणि त्या लॉटरीची मोठी बक्षिसे बहुधा अस्तित्वातच नसतात. पाळत सत्ताधारी पक्षाच्या माणसांवर आणि करमणूक बाकीच्यांसाठी, अशी ती वाटणी आहे. मोबाइलकडे बोट दाखवून ज्याला हक्सलेचा विजय म्हटले जाते, ते सगळे ऑरवेलच्या मंत्रालयांत खातेनिहाय मांडलेले आहे. विन्स्टनचे बंडही बंदी घातलेले पुस्तक वाचून सुरू होत नाही. जुन्या वस्तूंच्या दुकानातून घेतलेल्या गुळगुळीत, सायीच्या रंगाच्या कोऱ्या वहीत तो तारीख लिहितो, आणि ती तारीख तरी खरी आहे की नाही याची त्याला खात्री देता येत नाही. डायरी लिहिणे बेकायदा नाही, कारण कायदेच उरलेले नाहीत. शिक्षा मात्र मृत्यूची किंवा निदान पंचवीस वर्षांच्या सक्तमजुरीची आहे.

हक्सलेच्या बाबतीत तर मजकूर सरळ उलटा पडतो. १९३२ सालच्या त्या कादंबरीत माणसांना वाचावेसे वाटत नाही हे खरे, पण का वाटत नाही, ते दुसऱ्याच प्रकरणात दाखवले आहे. आठ महिन्यांच्या, रांगत्या बाळांपुढे रंगीत चित्रांची पुस्तके आणि गुलाबाची फुले मांडतात. बाळे हरखून पुढे सरकतात, पानांना हात लावतात, आणि त्याच क्षणी भोंगा किंचाळू लागतो व जमिनीतून विजेचा झटका बसतो. हे दोनशे वेळा करायचे असते. त्यानंतर पुस्तक दिसले की बाळ रडत मागे सरते. हा प्रसंग मी दोनदा वाचला आहे आणि दोन्ही वेळा पुस्तक मिटून थोडा वेळ बसावे लागले. याला 'वाचण्याची इच्छा न उरणे' म्हणायचे असेल, तर चाबकाला 'चालण्याची इच्छा' म्हणायला हरकत नसावी. त्याखेरीज त्या राज्यात उघड बंदीही आहेच : संग्रहालये बंद केलेली, स्मारके सुरुंगाने उडवलेली, ठरावीक काळाआधीची पुस्तके दडपलेली, शेक्सपिअर निषिद्ध. नियंत्रक मुस्तफा माँड एका शास्त्रज्ञाचा जीवशास्त्रावरचा प्रबंध वाचतो, तो बुद्धिमान असल्याची मनोमन दाद देतो आणि त्यावर 'प्रसिद्ध करू नये' असा शेरा मारतो. ती निषिद्ध पुस्तके तो स्वतः तिजोरीत ठेवतो आणि वाचतो.

आता नानांच्या चिठ्ठीविषयी. ती खोटी नाही, आणि आमच्या कट्ट्यावरही दहा जणांपैकी चौघेच ठरलेले पुस्तक वाचून येतात, हे मी मान्य करतो. पण वाचण्याची इच्छा आकाशातून पडत नाही, आणि हे ज्या शहराला ठाऊक असायला हवे ते बडोदेच. सयाजीराव महाराजांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग १८९३ साली अमरेलीत सुरू केला आणि १९०६ साली तो सगळ्या संस्थानाला लागू केला. १९१० साली अमेरिकेतून विल्यम बॉर्डन यांना बोलावून ग्रंथालयांचे स्वतंत्र खाते उभारले. पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या गावोगाव फिरवल्या. पेटी गावात पोचण्याआधी त्या गावात वाचणारे कितीसे होते? राज्य वाचक घडवू शकते, तसे राज्य वाचक नाहीसेही करू शकते. म्हणून शेवटचा शिक्का २०१६ चा असेल, तर त्यानंतर वाचकांना काय झाले या प्रश्नाबरोबरच त्यानंतर नवी पुस्तके किती आली आणि वाचनालय संध्याकाळी किती वाजेपर्यंत उघडे राहिले, हेही विचारावे लागेल.

बंदी कालबाह्य झाली, हा दावा या कादंबऱ्यांच्याच नशिबाशी जुळत नाही. रशियन लेखक झाम्यातिनची 'आम्ही' ही अशा भविष्यातल्या हुकूमशाहीच्या कादंबऱ्यांच्या घराण्यातली थोरली कादंबरी इंग्रजीत १९२४ साली निघाली, पण सोव्हिएत वाचकाला स्वतःच्या देशात छापलेली मिळायला १९८८ साल उजाडले. हक्सलेच्या कादंबरीवर आयर्लंडने प्रसिद्धीच्याच वर्षी बंदी घातली. अमेरिकी लेखक ब्रॅडबरीच्या 'फॅरनहाइट ४५१'ची कथा अधिक मासलेवाईक : पुस्तके जाळण्याविषयीच्या या कादंबरीतले पाऊणशे उतारे प्रकाशकांनी शालेय आवृत्तीसाठी गुपचूप बदलले, आणि लेखकाला त्याचा पत्ता विद्यार्थ्यांकडून लागला. सरकारने काही सांगितले नव्हते.

उरले 'आपल्याकडे बंदीची वेळच येत नाही' हे वाक्य. खाडिलकरांचे 'कीचकवध' १९०७ साली रंगभूमीवर आले. तिकीट काढून करमणुकीला आलेल्या प्रेक्षकाने कीचकात व्हाइसरॉय कर्झन ओळखला, आणि १९१० साली सरकारने नाटक बंद पाडले. करमणूक झाली की माणूस निमूट बसतो, या समजुतीला मराठी माणसाने तरी इतक्या सहज मान डोलावू नये.

दुसरे उदाहरण बडोद्याचेच. १८९३ साली अरविंद घोष गायकवाडांच्या नोकरीत रुजू झाले आणि त्याच वर्षी मुंबईच्या 'इंदुप्रकाश'मध्ये त्यांची काँग्रेसवर कडाडून टीका करणारी निनावी लेखमाला सुरू झाली. संपादक केशवराव देशपांडे त्यांचे केंब्रिजपासूनचे मित्र. पहिल्या लेखांनंतर न्यायमूर्ती रानड्यांनी पत्राच्या मालकांना सावध केले, की असेच चालू राहिले तर राजद्रोहाचा खटला होईल. मालकांनी सूर नरम करण्याची विनंती केली. अरविंदांनी ती मानली, लेख तात्त्विक होत गेले, त्यांचा स्वतःचाच रस आटला आणि १८९४ साली लेखमाला थांबली. ना जप्ती झाली, ना खटला.